अर्धे दार

सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळ या गावी आम्ही गेल्या चैत्रात मद्यगृहाची वास्तुरचना पाहण्यासाठी गेलो होतो, असे सांगितले तर वाचक हसतील. तोरणमाळास यशवंत तलाव आहे, गोरखनाथाचे देऊळ आहे, सीताखाईची खोल दरी आहे. महाशिवरात्रीस तेथे महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश अशा तिन्ही बाजूंनी यात्रा लोटते. परंतु जुने मद्यगृह म्हणून पाहुण्यास दाखविता येईल अशी एकही वास्तू तेथे आमच्या पाहण्यात आली नाही. ती असेल अशी आमची अपेक्षाही नव्हती. ज्या मुलुखात मद्य शतकानुशतके चालत आले, तेथे त्यासाठी निराळे घर बांधण्याची गरज लोकांस का भासली नसावी, हे समजून घेण्याची आमची फार दिवसांची इच्छा होती. त्या इच्छेचे मूळ आमच्या घरात आहे. ते सांगणे सुखाचे नाही; तथापि ते टाळले तर पुढील सर्व मजकूर केवळ प्रवासवर्णन होईल.

भाऊकाका हे आमच्या वडिलांचे धाकटे बंधू. आमचे घर धुळ्यास होते. काका सरकारी कचेरीत कारकून होते आणि ऐन उमेदीत त्यांची बदली अक्राणी महालात झाली. तो भाग त्या काळी धुळे जिल्ह्यातच मोडत असे. नंदुरबार हा निराळा जिल्हा १९९८ साली झाला. दोन वर्षांनी काका परत आले ते बांबूची एक बासरी, मलेरियाने पिवळा पडलेला चेहरा आणि दारूची सवय घेऊन, असे आजी म्हणत असे. 'तोरणमाळने माझे पोर नासवले' हे तिचे वाक्य आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकले होते की, तोरणमाळ हे एखाद्या दुष्ट माणसाचेच नाव असावे, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती.

आम्ही दहा वर्षांचे असू. १९७५ चा सुमार. एका संध्याकाळी दिवेलागण होऊन गेली तरी काका घरी आले नाहीत. वडील फिरतीवर होते. आजीने आम्हांस हाताशी धरून सांगितले, 'बाळ, बाजारातल्या त्या परमिट रूमपाशी जा, आणि काकाला म्हणावे आजी वाट पाहते आहे.' ती जागा गावातील प्रत्येकास ठाऊक होती आणि तिचे नाव कोणीही मोठ्याने घेत नसे. आम्ही तेथे गेलो. रस्त्याच्या बाजूस एकच खिडकी होती आणि तिच्या काचा हिरव्या रंगाने माखलेल्या होत्या. दारास दोन झडपा होत्या. त्या माणसाच्या गुडघ्यापासून सुरू होऊन डोक्याच्या उंचीशी संपत. रस्त्याने जाणाऱ्यास आतल्याचा चेहरा दिसू नये, इतक्या त्या उंच होत्या. आणि खालून आतल्यांचे पाय तेवढे दिसावेत, इतक्या आखूड. आम्ही वाकून पाहिले. टेबलांखाली पावलांची एक रांग होती, आणि तिच्यात आमच्या काकांची चप्पल होती. तिचा अंगठा तुटला होता आणि तो आदल्याच रविवारी आम्ही दोघांनी मिळून तांब्याच्या तारेने बांधला होता.

त्यानंतर आम्ही घरी येऊन आजीस काय सांगितले ते शेवटी येईल. येथे एवढेच नमूद करतो की, काही दिवसांनी ओट्यावर बसले असता काका आमच्या डोक्यावर हात ठेवून आपण होऊन म्हणाले, 'बाळ, तोरणमाळला असले दार नव्हते रे. तिथे म्हातारीच्या पुढ्यात बसून प्यायचो.' आम्ही तेथे आलो होतो हे त्यांना ठाऊक होते असे त्या वाक्यावरून दिसते. झडपेखालून आम्हांस त्यांचे पाय दिसले, तसे त्यांनाही आमचे दिसले असावेत.

पुढे वय वाढल्यावर आमच्या एका स्थापत्यविशारद स्नेह्याच्या संगतीने लंडन पाहण्याचा योग आला. या स्नेह्यास जुन्या इमारतींचे वेड. देवळे आणि राजवाडे पाहून झाल्यावर ते आम्हांस जुनी पानगृहे दाखविण्यास घेऊन गेले. आमची थोडी कुचंबणा झाली, कारण आम्ही स्वतः त्या पेयास स्पर्श करीत नाही. परंतु स्नेही म्हणाले की, भिंती पाहण्यास प्यावे लागत नाही. तिकडे या जागेस 'पब' म्हणतात, आणि तो 'पब्लिक हाऊस' या शब्दांचा संक्षेप आहे. म्हणजे मूळ अर्थाने लोकांचे घर. आपल्याकडील 'गुत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता असा आहे. एका भाषेने त्या जागेस घराचे नाव दिले आणि दुसरीने सरकारी कराराचे, हा भेद आमच्या मनात तेव्हापासून रुतून बसला.

थेम्स नदीच्या दक्षिणेस साउथवर्क भागात 'जॉर्ज इन' नावाची एक पुराणी खाणावळ आहे. १६७६ च्या आगीत ती जळाली आणि १६७७ साली पुन्हा बांधली गेली. घोडागाड्या अंगणात येऊन उभ्या राहाव्यात, प्रवाशांनी खाली खावे-प्यावे आणि वर निजावे, अशी ती योजना. अंगणाच्या कडेने मजल्यामजल्यांवर लाकडी सज्जे आहेत. पूर्वी ते अनेक बाजूंस होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेवाल्यांनी बाकीचा भाग पाडला आणि आज एकच बाजू उभी आहे. लंडनमध्ये या धर्तीची ही एवढीच वास्तू राहिली असल्याने तिची निगा राष्ट्रीय वारसा जपणारी संस्था राखते. त्या सज्ज्यावर उभे राहिले असता एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. येथे कोणी कोणापासून लपत नाही. वरचा खालच्यास पाहतो, खालचा वरच्यास. गाडीवान, व्यापारी आणि घरधनीण एकाच अंगणाच्या दृष्टीत आहेत.

तेथून होबर्न भागातील 'प्रिन्सेस लुईझ' या पबात गेलो, तो निराळाच देखावा. त्याची अंतर्रचना १८९१ सालची. नक्षीच्या काचा, चकचकीत रंगीत फरश्या, कोरीव लाकूड, कोरलेले आरसे; एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यास लाजवील असा थाट. परंतु नीट पाहिले असता असे दिसले की, मध्ये एक लांबलचक मेज आहे आणि त्याच्या भोवतालची जागा लाकडी आडोशांनी लहान लहान खणांत वाटली आहे. एका खणातील माणसास शेजारच्या खणातील माणूस दिसत नाही. ब्लूम्सबरी भागातील 'द लॅम' या पबात तर मेजाच्या वर, चेहऱ्याच्या उंचीवर, दुधी काचेच्या लहान झडपांची रांगच आहे. हव्या तेव्हा त्या फिरवून बंद कराव्यात, म्हणजे पेला भरून देणाऱ्या नोकरासही गिऱ्हाइकाचा चेहरा दिसू नये. पेला झडपेखालून यावा आणि पैसे झडपेखालून जावेत. आमचे स्नेही त्या बिजागऱ्यांची कारागिरी मोठ्या कौतुकाने दाखवीत होते. आम्हांस मात्र धुळ्याच्या बाजारातील संध्याकाळ आठवली आणि आम्ही काही वेळ बाहेर जाऊन उभे राहिलो.

दोनशे वर्षांच्या अवधीत त्या अंगणाचे असे खण का झाले असावेत? स्नेह्यांनी सांगितलेला खुलासा आम्हांस पटला. कारखान्यांचे नगर वाढले, मजूर आणि कारकून निराळे झाले, मद्यपानाविरुद्ध प्रवचने सुरू झाली, आणि प्रतिष्ठित माणसास प्यावयाचे तर होते परंतु पिताना दिसावयाचे नव्हते. त्या दोन इच्छांची तडजोड सुताराने आणि काचकामगाराने करून दिली. म्हणून या इमारती पाहताना शोभेपेक्षा एका प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते: येथे कोणी कोणास दिसावे असे बांधणाऱ्याच्या मनात होते?

हाच प्रश्न मनात धरून मुंबईस आल्यावर कुलाब्याचे 'लिओपोल्ड' आम्ही नव्या दृष्टीने पाहिले. इराणी मंडळींनी ते १८७१ साली सुरू केले. आरंभी तेथे तेलाची घाऊक विक्री होई, उपाहारगृह आणि पेयगृह ते नंतर झाले. इराण्याच्या दुकानाची घडण मुंबईकर वाचकांस सांगावयास नको. शक्यतो रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा, त्यामुळे दोन बाजूंचा उजेड. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आणि भिंतीवर आरसे. हे आरसे केवळ शोभेचे नसत. गल्ल्यावर बसलेल्या मालकास पाठ न वळविता सारी जागा दिसावी, हाही त्यांचा उपयोग. तेथे गिऱ्हाईक रस्त्यास दिसते, रस्ता गिऱ्हाइकास दिसतो, आणि मालकास दोन्ही दिसतात. या उघडेपणाची किंमत 'लिओपोल्ड'ने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मोजली. हल्लेखोरांच्या गोळ्यांच्या खुणा तेथे अद्याप जपून ठेविल्या आहेत. विशेष हे की, काही दिवसांतच ते पुन्हा उघडले, आणि उघडले ते पूर्वीसारखेच रस्त्यास सन्मुख.

परंतु महाराष्ट्रातील बहुतेक गावांच्या वाट्यास ही घडण आली नाही. त्यांच्या वाट्यास आले ते कायद्याने घडविलेले दालन. मुंबई शहरात पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ रोजी जाहीर झाली. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. कालांतराने बंदी शिथिल झाली, तथापि कायदा राहिला, आणि पिणाऱ्याजवळ परवाना असला पाहिजे ही अट राहिली. त्या परवान्यावरून खोलीस नाव पडले 'परमिट रूम'. सरकारी कागदाचे नाव पाटीवर मिरविणारी अशी दुसरी वास्तू आमच्या पाहण्यात नाही. कायद्याने दालनास परवानगी दिली, परंतु समाजाने दिली नाही; तेव्हा दालनाने आपले डोळे मिटून घेतले. रंगविलेली काच, जाड पडदा, मंद दिवा, अर्धे दार. लंडनच्या सुताराने जे नक्षीने साधले तेच येथे चार आण्यांच्या रंगाने साधले. हेतू एकच होता.

आता तोरणमाळ. आमचे एक स्नेही त्या भागातील आश्रमशाळेत अनेक वर्षे शिक्षक होते. त्यांच्याबरोबर आम्ही शहाद्याहून निघालो. सपाटीवरची ऊस-केळीची हिरवी शेते मागे पडली, आणि सातपायरीचा घाट सुरू होताच रस्ता एकावर एक वळणे घेत वर चढू लागला. काकांनी ही चढण पायी केली होती. मोहाचा बहर नुकताच ओसरू लागला होता. या झाडाची तऱ्हा निराळी. बहराच्या वेळी त्याची बहुतेक पाने गळालेली असतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटे जमिनीवर टपटपू लागतात. लोक झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ करून ठेवितात, म्हणजे फिकट पिवळी, रसाळ फुले वेचणे सोपे जाते. ओट्यावर, खडकावर, खाटेवर, जेथे ऊन पडेल तेथे ती वाळत घातलेली होती आणि साऱ्या वाटेवर एक गोड, थोडा आंबूस वास भरून राहिला होता. या फुलांचे भाजून खाद्य होते, फळातल्या बीचे तेल निघते, आणि वाळलेली फुले काही दिवस पाण्यात भिजत घालून त्यांची दारू गाळतात. दुष्काळात याच झाडाने माणसे जगविली आहेत.

पठारावरून खाली उतरणाऱ्या एका पायवाटेवरील पाड्यावर, स्नेह्यांच्या ओळखीच्या एका पावरा कुटुंबाकडे आम्ही उतरलो. पावऱ्यांची घरे आपल्या गावांसारखी एकमेकांस चिकटून नसतात. प्रत्येकाचे घर ज्याच्या त्याच्या शेतात, एका हाकेच्या अंतरावर. घराचे खांब सागाचे. भिंती बांबूच्या चिरफळ्यांच्या कुडाच्या, त्यावर शेणमातीचा हात. वर घरीच भाजलेली कौले. छप्पर पुढच्या बाजूस इतके खाली आलेले की, आत जाताना उंच माणसास वाकावे लागते. पुढे पडवी, तीत एक खाट. आत दगडी भिंत नाही की लाकडी आडोसा नाही. धान्याच्या पुरुषभर उंच बांबूच्या कणग्या एका रांगेत ठेविल्या आहेत, त्याच काय त्या वाटण्या. एका अंगास गुरे, एका अंगास चूल. भिंतीला खिडकी म्हणून काढलेली नाही. परंतु जेथे शेणमातीचा हात फिरलेला नाही तेथे कुडाच्या फटींतून आतल्या माणसास बाहेरचे आणि बाहेरच्यास आतले दिसत राहते. विस्तव पेटला की सारे घर रात्री कंदिलासारखे दिसते.

त्या संध्याकाळी घरात सोयरिकीची बोलणी होती. दुसऱ्या पाड्यावरची माणसे आली होती. पडवीत आणि अंगणात मिळून वीस-पंचवीस माणसे बसली: म्हातारे, तरुण, बायका, मुले मधून मधून धावत होती आणि कोंबड्या मुलांच्या मधून. घरच्या म्हातारीने भांडे बाहेर आणले. पहिली धार तिने जमिनीवर सोडली. ती देवांची आणि पूर्वजांची, असे स्नेह्यांनी हलकेच सांगितले. मग वयाच्या क्रमाने पानांचे द्रोण फिरू लागले. आमच्यापुढे द्रोण आला तेव्हा आम्ही हात जोडून म्हणालो, 'आजी, आम्ही घेत नाही.' आमच्या आजीने भाऊकाकांच्या पश्चात आम्हांस शपथ घातली होती. म्हातारीस आमच्या नकाराचे यत्किंचितही वाईट वाटले नाही. तिने आत जाऊन भाजलेली मोहाची फुले आणून आमच्या ओंजळीत घातली आणि म्हणाली, 'मग हे खा. झाड तेच आहे.'

बोलणी चालली होती. घरमालकाचे थोरले बंधू, सत्तरीचे गृहस्थ, रंगात आले होते. त्यांनी चौथ्यांदा द्रोण पुढे केला. तेव्हा त्यांच्या पलीकडे बसलेली त्यांची पत्नी काही न बोलता उठली, तिने त्यांच्या हातातला द्रोण काढून घेतला आणि आत जाऊन चुलीत टाकला. ओले पान चरचरले. सारी मंडळी हसली. म्हातारबुवाही हसले, आणि थोड्या वेळाने खाटेवर जाऊन स्वस्थ निजले. ते प्रकरण तेथेच संपले. कोणाचा अपमान झाला नाही, कोणाची अब्रू गेली नाही.

काकांच्या 'तिथे दार नव्हते रे' या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या क्षणी लागला असे वाटते. दार नव्हते म्हणजे आत शिरण्यास अडथळा नव्हता, एवढेच नव्हे. आत शिरून थांबविण्यासही नव्हता. जी माणसे त्या म्हाताऱ्याची होती ती सर्व त्याच्या हाताच्या टप्प्यात बसलेली होती. आमच्या काकांच्या परमिट रूममध्ये त्यांच्या टप्प्यात कोण होते? त्यांच्यासारखेच लपलेले पाच-दहा पुरुष, आणि पेला भरण्यातच ज्याचे हित होते असा एक नोकर.

येथेच हा लेख थांबविला असता तर वाचकांची आणि त्या मुलुखाची आम्ही फसवणूक केली असती. वनवासी माणूस निष्पाप आणि त्याचे मद्य निरुपद्रवी, असे चित्र शहरातल्या लेखकांनी पुष्कळ वेळा काढले आहे. त्या लोकांनी स्वतः तसे कधी मानलेले दिसत नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारच्या आणि मक्तेदाराच्या मुठीत गेला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ साली मोहाच्या फुलांवरच निराळा कायदा करून निर्बंध घातले गेले. घरची दारू गुन्हा ठरली आणि गुत्त्याची दारू महसूल ठरली. गुत्त्यात उधारी आली, आणि उधारीच्या मागून जमीन गेली. त्याविरुद्ध उठाव झाला तो त्याच लोकांकडून. १९२२ साली 'देवी'ची लाट ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत पसरली आणि खानदेशाच्या सीमेसही येऊन भिडली. देवीच्या आज्ञेवरून हजारो आदिवासींनी दारू सोडली आणि गुत्तेवाल्यांवर बहिष्कार घातला. पुढच्या दशकात सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदे तालुक्यातील मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी दारू-मांस वर्ज्य करण्याचा आणि एकमेकांस 'आप' म्हणून मान देण्याचा उपदेश केला. १९३८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आरतीस भिल्ल समाज हजारोंनी जमत असे. आम्हांस यात लक्षणीय वाटते ते हे की, तेथे पिणे चारचौघांत होते तसे सोडणेही चारचौघांतच झाले. कोणी एकट्याने खोलीत बसून शपथ घेतली नाही.

आजची स्थिती काय, असे वाचक विचारतील. परवान्याशिवाय दारू गाळणे आजही गुन्हाच आहे. मोहाची फुले वेचण्यावर व साठविण्यावर असलेले निर्बंध मात्र महाराष्ट्र शासनाने २०२१ साली सैल केले. परंतु फुलांपेक्षा बाटली आता अधिक सुलभ झाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघण्याच्या तयारीत असता म्हातारी फुले निवडीत बसली होती. आम्ही सहज विचारले, 'आजी, तुमचा मुलगा काल दिसला नाही.' तिने हात थांबविला नाही. मुलगा ऊसतोडीस गुजरातेत जातो, असे तिने सांगितले. तिकडे गेल्यापासून तो रस्त्यावर मिळणारी बाटली विकत घेतो. थोडे थांबून ती म्हणाली, 'तो घरात पीत नाही. पिऊन घरात येतो.'

घाट उतरताना आम्ही स्नेह्यांशी फारसे बोललो नाही. मद्यपानावर आजवर किती व्याख्याने आम्ही ऐकली आणि किती लेख वाचले. परंतु 'घरात पिणे' आणि 'पिऊन घरात येणे' यांतील अंतर इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितल्याचे आम्हांस स्मरत नाही. जॉर्ज इनचे अंगण आणि होबर्नचे खण यांत हेच अंतर आहे. तोरणमाळची पडवी आणि धुळ्याचे हिरव्या काचेचे दालन यांतही तेच आहे. मनुष्याने प्यावे की न प्यावे हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे आमचे स्वतःचे उत्तर आम्ही शपथेने बांधून घेतलेले आहे. परंतु आपला माणूस जेथे बसला आहे तेथे आपला हात पोहोचतो की नाही, हा प्रश्न त्याहून जुना आहे, आणि तो भिंतींशी फार निगडित आहे.

आमच्या आजीने तोरणमाळास दिलेला दोष आम्ही आता परत घेतो; ती असती तर तिच्यासमक्ष घेतला असता. काका तेथे प्यावयास शिकले हे खरे असेल. परंतु तेथे त्यांना थांबविणारी एक म्हातारी होती. धुळ्यास त्यांची स्वतःची आई असून ती त्या दालनात जाऊ शकत नव्हती. कुलीन स्त्रीने त्या रस्त्याने जावयाचेही नाही, अशी आमच्या घराण्याची रीत. म्हणून तिने दहा वर्षांच्या नातवास पाठविले.

आणि त्या नातवाने काय केले ते आता सांगावयास हवे. झडपेखाली वाकून, तांब्याच्या तारेने बांधलेली चप्पल ओळखून आम्ही उभे राहिलो. आत जावे, 'काका' म्हणून हाक मारावी, एवढेच करावयाचे होते. परंतु रस्त्याने आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील येताना दिसले आणि आम्ही तेथून पळालो. घरी येऊन आजीस सांगितले, 'काका तिथे नाहीत.' आजीने आमच्याकडे क्षणभर पाहिले. मग तिने काकांचे ताट वाढून त्यावर दुसरे ताट झाकले आणि देवाजवळचा दिवा सारखा केला. तिला आमचे खोटे कळले होते, यात आम्हांस आज संशय वाटत नाही. तिने पुन्हा कधी आम्हांस तिकडे पाठविले नाही, आणि घरातही तो विषय पुन्हा निघाला नाही. वडील त्या विषयी बोलत नसत, काकू बोलत नसे, आम्ही मुले बोलत नसू. त्या दालनास एक पडदा होता. आमच्या घराने दुसरा लावला. चार वर्षांनी यकृताच्या विकाराने काका गेले, तेव्हा आलेल्या पाहुण्यांस कावीळ झाली होती असे सांगण्यात आले.

दहा वर्षांच्या मुलाने हाक मारली असती तर काका वाचले असते, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु ते दार अर्धेच होते, त्यास कडी नव्हती, आणि मुलाच्या हातानेही ते सहज लोटले गेले असते.